गरिबाच्या आजाराची जबाबदारी कोणाची?
ऑरेगॉन राज्यांतील एका कायद्याची हकीकत

महसूल खात्याच्या नोकरींत आमचा तीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्या अवधींत जमिनीच्या फेरफाराचे किती कागद आमच्या टेबलावरून पुढें गेले याची गणती नाहीं. त्या कागदांत जमीन देणाराचें नांव असतें, घेणाराचें असतें, गट नंबर, क्षेत्र व आकारणी असते; परंतु जमीन कां विकली हें लिहिण्यास रकाना नसतो. तथापि कागद घेऊन समोर उभा राहिलेला मनुष्य तें कारण न विचारतांच सांगून मोकळा होतो. कोणी मुलीच्या लग्नाचें सांगे, कोणी भाऊबंदकीच्या दाव्याचें, आणि पुष्कळ जण इतकेंच म्हणत कीं, "भाऊसाहेब, घरांत दुखणें निघालें." पीक बुडालें तर पंचनामा होतो, पैसेवारी निघते, थोडीबहुत भरपाईहि मिळते. घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळला तर त्याचा पंचनामा कोणी करीत नाहीं.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्यांच्या पायांत बाभळीचा कांटा मोडला. त्यांस मधुमेह होता. परंतु तो किती वाढला आहे हें वर्षभरांत कोणी तपासलें नव्हतें. गांवच्या डॉक्टरांनीं जखम धुवून पट्टी बांधली. तालुक्याच्या डॉक्टरांनीं इंजेक्शनें दिलीं. शेवटीं शहरांतील एका रुग्णालयांत गुडघ्याखालीं पाय कापावा लागला. त्या शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेंतून झाला. त्यांस पदरचा पैसा घालावा लागला नाहीं. यांत दोष कोणाचा म्हणावा? ज्याचें त्याचें काम ज्यानें त्यानें केलें. पाय मात्र गेला. कांटा मोडल्यापासून पाय कापीपर्यंत जे तीन महिने गेले, त्यांत त्या माणसाच्या प्रकृतीचा सगळा मिळून विचार करणें हें कोणाचेंच काम नव्हतें, हीच काय ती उणीव.

ही उणीव कायद्यानें भरून काढतां येईल काय, याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेंतील ऑरेगॉन नांवाच्या राज्यांत २०११ सालीं सुरू झाला. आमचें इंग्रजी बेताचेंच. तेव्हां त्या कायद्याची व त्यावरील अहवालांची माहिती आमच्या पुतण्याकडून वाचवून घेतली, आणि जी समजली ती येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. मजकूर थोडा लांबला आहे; परंतु विषय प्रत्येक घरचा असल्यामुळें वाचक तो सोसतील अशी उमेद आहे.

राज्य आणि तेथील गरिबांची योजना

ऑरेगॉन हें राज्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस आहे. क्षेत्रफळानें तें महाराष्ट्राहून थोडें लहान, म्हणजे सुमारें अडीच लाख चौरस किलोमीटर आहे. परंतु २०२० च्या शिरगणतींत तेथील वस्ती अवघी ४२ लाखांची भरली. पश्चिमेस विलामेट नदीचें सुपीक खोरें आहे. तेथें फळबागा, हेझलनट व गवताचें बियाणें होतें. पर्वत ओलांडून पूर्वेस गेलें कीं पाऊस कमी होतो. तेथें कोरडवाहू गहूं पिकतो व गुरें पाळतात. आपल्याकडे घाटमाथा ओलांडला म्हणजे जसा फरक पडतो तसाच हा प्रकार. राज्याचे ३६ भाग आहेत. त्यांस कौंटी म्हणतात; आपल्या हिशेबानें ते जिल्हे समजावे. पूर्वेकडील कौंट्यांत वस्ती फार विरळ आहे, आणि तेथें डॉक्टर गांठणें हाच एक प्रवास असतो.

अमेरिकेंत सर्वांस सरकारी खर्चानें औषधोपचार मिळत नाहीं. गरिबांकरितां मात्र १९६५ सालीं, प्रेसिडेंट जॉन्सन यांच्या कारकिर्दींत, 'मेडिकेड' नांवाची योजना निघाली. तिचा खर्च कांहीं मध्यवर्ती सरकार व कांहीं राज्य सरकार सोसतें, आणि ती चालविण्याचें काम राज्याकडे असतें. खर्च वाढत गेला म्हणजे राज्यापुढें तीन वाटा उरतात: योजनेंतील माणसें कमी करावीं, उपचार कमी करावे, किंवा डॉक्टरांस पैसे कमी द्यावे. ऑरेगॉननें या वाटा चालून पाहिल्या.

१९८७ सालीं तेथील विधिमंडळानें इंद्रिय-रोपणाचा खर्च देणें बंद केलें. तोच पैसा गरोदर स्त्रिया व मुलें यांच्या साध्या उपचारांकडे लावला तर अधिक लोकांच्या कामीं येईल असा हिशेब होता. हिशेब अगदींच चुकीचा नव्हता. परंतु त्याच वर्षीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेला एक सात वर्षांचा मुलगा, त्याच्या उपचाराकरितां घरचीं माणसें वर्गणी गोळा करीत असतांच वारला, आणि सारें राज्य हळहळलें. त्या वेळीं राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष जॉन किट्झहाबर हे होते. ते स्वतः डॉक्टर असून रोझबर्ग या गांवीं रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत त्यांनीं काम केलेलें होतें. त्यांच्या पुढाकारानें १९८९ सालीं कायदा झाला आणि रोग व त्यांवरील उपचार यांची महत्त्वाच्या क्रमानें एक यादी करण्यांत आली. सुमारें सातशें बाबींच्या त्या यादींत पैसा जेथपर्यंत पुरेल तेथें रेघ मारावयाची. रेघेवरील उपचार सरकारनें द्यावयाचे, खालील द्यावयाचे नाहींत, असें ठरलें. ही पद्धति १९९४ पासून अमलांत आली.

चिठ्ठ्यांची सोडत आणि तिचा धडा

पुढें मंदी आली, तिजोरी आटली, आणि योजनेच्या एका मोठ्या भागाचें दार नव्या लोकांस बंद झालें. २००८ सालीं थोडा पैसा हातीं आला तेव्हां सुमारें १०,००० लोकांपुरती जागा झाली. नांवें मात्र आलीं सुमारें ९०,०००. इतक्यांतून निवड कशी करावी? सरकारनें सरळ चिठ्ठ्या टाकल्या.

त्या सोडतींत गरिबांचें दैव ठरलें, परंतु अभ्यास करणारांस एक दुर्मिळ संधि मिळाली. ज्यांचें नांव निघालें ते व ज्यांचें निघालें नाहीं ते, इतर बाबतींत सारखेच लोक. तेव्हां पुढें दोहोंत फरक पडला तर तो योजनेचाच समजावयाचा. शेतकी खात्याच्या प्रक्षेत्रावर एकाच जमिनींत दोन वाफे करतात, एकास खत घालतात, दुसऱ्यास घालीत नाहींत, आणि मग उतारा पाहतात; तशीच ही परीक्षा झाली. सुमारें दोन वर्षांनीं पाहतां असें आढळलें कीं, योजनेंत आलेल्यांवरील दवाखान्याच्या कर्जाचा भार हलका झाला, मनाची उदासीनता कमी झाली, आणि डॉक्टरांकडे जाणें वाढलें. परंतु रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मधुमेह्यांच्या रक्तांतील साखर यांत मोजण्याजोगा फरक दिसला नाहीं. आणखी एक गोष्ट अशी कीं, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत जाणें कमी होण्याऐवजीं सुमारें ४० टक्क्यांनीं वाढलें.

हे निष्कर्ष २०१३ व २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. आम्ही ज्या कायद्याविषयीं लिहीत आहों तो त्यापूर्वींच झाला होता. परंतु कायदा करणारांनीं जें अनुभवानें ओळखलें होतें तेंच या आंकड्यांनीं उघड केलें. योजनेचें कार्ड हातीं आलें म्हणजे बिलाची धास्ती जाते, आणि ती जाणें ही लहान गोष्ट नव्हे. तथापि रोग्यानें औषध वेळेवर घेतलें काय, घेतलें नसल्यास कां घेतलें नाहीं, एका डॉक्टरांनीं दिलेलें दुसऱ्यांस माहीत आहे काय, हें पाहणारा मनुष्य कार्डाबरोबर येत नाहीं.

२०११ चा कायदा

२०११ सालीं किट्झहाबर पुन्हां गव्हर्नर झाले. तेथील गव्हर्नर आपल्या राज्यपालांप्रमाणें नेमलेला नसून लोकांनीं निवडलेला असतो व राज्याचा कारभार तोच पाहतो. त्या वर्षीं तिजोरींत मोठी तूट होती, आणि प्रतिनिधिगृहांत दोन्ही पक्षांचे सभासद बरोबर तीस-तीस होते. असें असतांहि ३६५० क्रमांकाचें विधेयक दोन्ही पक्षांच्या मतांनीं मंजूर झालें. २०१२ च्या आरंभीं १५८० क्रमांकाचें दुसरें विधेयक मंजूर होऊन तपशील पुरा झाला. १ ऑगस्ट २०१२ पासून पहिल्या संस्था कामास लागल्या, आणि २०१३ अखेर त्यांची संख्या राज्यभर १६ झाली.

या संस्थांस आपण 'आरोग्य-संयोजन संस्था' म्हणूं. त्या सरकारी कचेऱ्या नव्हेत. एका टापूंतील रुग्णालयें, डॉक्टर, मानसिक रोगांचे उपचारक, विमा चालविणारे व कौंटीचे अधिकारी यांनीं एकत्र येऊन संस्था काढावयाची, सरकारनें तिची पात्रता तपासून तिच्याशीं करार करावयाचा, आणि त्या टापूंतील मेडिकेडचीं माणसें तिच्या हवालीं करावयाचीं, अशी ही रचना आहे.

पूर्वीं काय होत असे तें सांगितलें म्हणजे नव्या रचनेचा अर्थ ध्यानीं येईल. रोग्याचें शरीर एका संस्थेकडे, मन दुसरीकडे आणि दांत तिसरीकडे, अशी वांटणी होती. तिघांचे करार निराळे, तिघांचे पैसे निराळे. दारूच्या नादानें जठर बिघडलेला मनुष्य पोटाकरितां एकाकडे जाई व व्यसनाकरितां दुसऱ्याकडे, आणि या दोघांची गांठ कधीं पडत नसे. नव्या कायद्यानें शरीर व मन यांची जबाबदारी एकाच संस्थेवर टाकली, आणि २०१४ पर्यंत दांतहि तिच्याच हवालीं केले.

दुसरी तरतूद गांवपातळीवरील कार्यकर्त्यांची. रोग्याच्याच वस्तींत राहणारा, त्याची भाषा बोलणारा, स्वतः तशा दुखण्यांतून गेलेला असा मनुष्य नेमून त्यानें रोग्याच्या घरीं जावें, औषधाची चौकशी करावी, डॉक्टरांकडे नेऊन आणावें, असें काम कायद्यानेंच मान्य केलें. आपल्या गांवच्या आशा कार्यकर्तीस पाहिलें म्हणजे हें काम कशा प्रकारचें असतें याची कल्पना येते.

मोजून दिलेलें पाणी

तिसरी तरतूद पैशाची, आणि सर्व कायद्याचा कणा तीच आहे. पूर्वीं बहुतेक पैसे कामागणिक मिळत: तपासणी केली कीं इतके, शस्त्रक्रिया केली कीं तितके. ज्याचा रोगी बरा होऊन घरीं बसेल त्याचें उत्पन्न बुडे. नव्या रीतीनें संस्थेस तिच्या हवालीं असलेल्या माणसांच्या संख्येवरून एक ठोक रक्कम द्यावयाची, ती दरवर्षीं ठराविक प्रमाणांतच वाढवावयाची, आणि त्यांतून सर्वांचे सर्व उपचार भागवावयाचे असें ठरलें.

बागाईतदार वाचकांस ही गोष्ट पाण्याच्या उदाहरणानें लवकर पटेल. आपल्याकडे २००५ सालीं सिंचन पद्धतीच्या व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याअन्वयें पाणीवापर संस्थेस पाणी मोजून द्यावयाचें, आणि आंतील वांटप संस्थेनें आपसांत करावयाचें असें आहे. एकरावर आकारणी होती तोंवर पाणी जास्त घेण्यांत कोणाचें कांहीं जात नसे. मोजून मिळूं लागल्यावर चारीची गळती ही संस्थेची स्वतःची गळती झाली. त्याचप्रमाणें ठोक रकमेंत रुग्णालयांतील टाळतां येण्याजोगी प्रत्येक खाट ही संस्थेच्या गांठची खोट झाली. मग पाय कापण्यापेक्षां पायाची जखम वेळेवर भरणें तिलाच परवडूं लागतें.

किट्झहाबर आपल्या भाषणांत एक उदाहरण देत असत. नव्वदीच्या घरांतील एक वृद्ध बाई. हृदय दुबळें, पण औषधानें आवरलेलें. उन्हाळ्यांत तिची खोली तापते आणि त्या उष्म्यानें हृदय थकून ती रुग्णालयांत पडते. जुन्या नियमानें तिच्या रुग्णवाहिकेचे व उपचाराचे मिळून पन्नास हजार डॉलर देतां येतात. परंतु खोली थंड ठेवणारें दोनशें डॉलरचें यंत्र देतां येत नाहीं, कारण तें 'औषध' नव्हे. ठोक रकमेच्या पद्धतींत असें यंत्र देण्यास संस्थेस मोकळीक मिळाली.

येथें चाणाक्ष वाचक विचारील कीं, रक्कम ठोकच असेल तर उपचारच न करून संस्था पैसे वांचवणार नाहीं कशावरून? शंका रास्त आहे. पाणीवापर संस्थेंतहि तोंडाशीं असलेल्यानें पाणी मुरवलें तर शेवटचा मनुष्य कोरडा राहतो. म्हणून कायद्यानें दोन बंधनें घातलीं. पहिलें मोजमापाचें. संस्थांस द्यावयाच्या रकमेपैकीं कांहीं भाग बाजूस ठेवावयाचा, तो २०१३ सालीं २ टक्के होता व पुढें वाढत गेला. आणि सतरा कसोट्यांवर काम पाहून मगच तो द्यावयाचा. गरोदर स्त्रीची तपासणी वेळेवर झाली काय, लहान मुलाची वाढ तपासली काय, मधुमेह्याची साखर आटोक्यांत आहे काय, उदासीनतेची विचारपूस झाली काय, तातडीच्या विभागांत जाणारांची संख्या घटली काय, अशा प्रकारच्या त्या कसोट्या. त्यांचे निकाल संस्थेच्या नांवानिशीं दरवर्षीं छापून प्रसिद्ध होऊं लागले, त्यामुळें कोणती संस्था मागें आहे हें झांकून राहिलें नाहीं.

रोग्यांची सभा

दुसरें बंधन आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. मूळ कायद्यांत प्रत्येक संस्थेच्या चालक मंडळांत पैशाचा धोका पत्करणारांचें बहुमत होतें. तें तेथें राहूं दिलें. पण त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष रोगी पाहणारे निदान दोन उपचारक, त्यांपैकीं एक नेहमींचे डॉक्टर वा अधिकारप्राप्त परिचारिका व एक मानसिक रोगांचा अगर व्यसनमुक्तीचा उपचारक, आणि समाजांतील निदान दोन सामान्य माणसें असावींत असें कायद्यानें सांगितलें. शिवाय प्रत्येक संस्थेस एक लोकसल्लागार समिति नेमणें भाग केलें. तींत प्रत्येक कौंटीच्या सरकारचा प्रतिनिधि असतो. परंतु निम्म्याहून अधिक सभासद ज्यांना ही सेवा लागते त्या लोकांपैकींच असले पाहिजेत, असा कायद्याचा शब्द आहे. या समितीनें आपल्या टापूंतील आरोग्याची पाहणी करून सुधारणेचा आराखडा तयार करावयाचा, आणि तिचा माणूस चालक मंडळावर बसावयाचा.

आमच्या पाणीवापर संस्थांच्या कायद्यांतहि शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांतील शेतकरी संचालक मंडळावर असावेत अशी तरतूद आहे. हेतु एकच. पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोंचलें कीं नाहीं हें तोंडाशीं बसलेल्यास कळत नाहीं. तें शेवटच्या शेतकऱ्यालाच विचारावें लागतें.

फळ काय मिळालें

मध्यवर्ती सरकारनें या प्रयोगाकरितां २०१२ सालीं ऑरेगॉनला पांच वर्षांत १९० कोटि डॉलर देऊं केले. पण अट घातली. माणशीं खर्चाची वाढ सालीना ५.४ टक्के होईल असा अंदाज होता, ती ३.४ टक्क्यांवर आणावयाची. न आणल्यास पैसे कापले जातील. म्हणजे तगाईप्रमाणें ही रक्कमहि करारावर होती.

२०१३ सालचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हां २०११ च्या मानानें तातडीच्या विभागांत जाणें १७ टक्क्यांनीं घटलेलें दिसलें. हृदय दुबळें झाल्यामुळें रुग्णालयांत दाखल होणें २७ टक्क्यांनीं कमी झालें. पुढें स्वतंत्र अभ्यासकांनीं ऑरेगॉनची तुलना शेजारच्या वॉशिंग्टन राज्याशीं केली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत, तपासलेल्या सेवांवरील खर्च पहिल्या दोन वर्षांत तुलनेनें सुमारें ७ टक्क्यांनीं घटला, आणि ही घट मुख्यतः रुग्णालयांत राहणें कमी झाल्यामुळें झाली, असें दिसलें.

यावरून सर्व कांहीं गोड झालें असें मात्र नाहीं. २०१४ च्या आरंभापासून योजनेचीं दारें नव्या मध्यवर्ती कायद्यान्वयें उघडलीं, आणि कांहीं महिन्यांतच सुमारें ६ लाखांचे जवळजवळ १० लाख लोक झाले. माणसें एकदम वाढलीं, डॉक्टर तितके वाढले नाहींत. वर सांगितलेल्या अभ्यासांतहि नेहमींच्या डॉक्टरांकडील भेटींच्या बाबतींत पीछेहाटच दिसली. २०१५ सालीं लेन कौंटींतील संस्थेची मालक कंपनी दुसऱ्या राज्यांतील एका मोठ्या विमा कंपनीनें विकत घेतली, आणि स्थानिक म्हणून निघालेली संस्था स्थानिक राहिली काय असा प्रश्न उभा राहिला. पोर्टलंड शहराकडील एका संस्थेचा सरकारशीं दराविषयीं तंटा झाला व २०१८ च्या आरंभीं ती बंद पडून तिच्याकडील रोगी दुसरीकडे सोंपवावे लागले. सहकारी चळवळींत मुरलेल्या वाचकांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. संस्था उभी करणें सोपें. ती सभासदांच्या हातीं ठेवणें कठीण.

अलाबामाची कथा

नुसत्या कायद्यानें काम होत नाहीं याचा दाखला दक्षिणेकडील अलाबामा राज्यानें दिला. तेथील गव्हर्नर रॉबर्ट बेंटली हेहि डॉक्टरच होते. २०१३ सालीं तेथें असाच कायदा झाला. राज्याचे पांच विभाग पाडून प्रत्येकांत विभागीय उपचार संस्था काढावयाची, तिला ठोक रक्कम द्यावयाची, नागरिकांची सल्लागार समिति नेमावयाची, हें सर्व त्यांत होतें. फरक एक होता. ऑरेगॉननें समितींत सेवा घेणारांचें बहुमत ठरविलें. अलाबामानें निदान २० टक्के जागा त्यांना दिल्या.

मध्यवर्ती सरकारची मंजुरी येण्यास २०१६ चा फेब्रुवारी उजाडला. तोंवर राज्याच्या अंदाजपत्रकांत मेडिकेडलाच पैसा पुरेना. आरंभाची तारीख ऑक्टोबर २०१६ ची होती ती पुढें गेली, मग आणखी पुढें गेली. संस्था काढण्यास पुढें आलेल्यांपैकीं कांहीं मागें फिरल्या. अखेर जुलै २०१७ मध्यें राज्यानें हा बेत सोडून दिला. पुढें १ ऑक्टोबर २०१९ पासून तेथें सात विभागांत निराळी, हलकी व्यवस्था सुरू झाली. तींत रोग्यांची विचारपूस व जोडणी आहे, पण ठोक रकमेची सर्व जोखीम संस्थेवर नाहीं. दोन्ही कायदे कागदावर पुष्कळसे सारखे. एक चाललें, कारण पैसा ठरल्या वेळीं आला आणि तो टापूंतील माणसांनीं अंगावर घेतला. दुसऱ्याच्या बाबतींत दोन्ही झालें नाहीं.

आपल्यापुरतें काय घ्यावें

योगायोग असा कीं, ऑरेगॉनमधील पहिल्या संस्था ज्या उन्हाळ्यांत सुरू झाल्या त्याच सुमारास, २ जुलै २०१२ रोजीं, महाराष्ट्रांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ सालीं ती राज्यभर गेली, आणि १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. विदर्भ-मराठवाड्यांतील १४ शेतकरी-संकटग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांसहि तींत घेतलें, आणि त्याकरितां सात-बाराचा उतारा पुरावा म्हणून मान्य झाला. सात-बारा उतारा इतकीं वर्षें कर्जाकरितां, तारणाकरितां व खरेदीकरितां निघतांना पाहिलेला. तोच रोग्याच्या उशाशीं उपयोगी पडतांना पाहून आम्हांस खरोखर समाधान वाटलें. २०२४ पासून ही योजना राज्यांतील सर्व कुटुंबांस लागू झाली व कुटुंबामागें सालीना मर्यादा पांच लाख रुपयांची झाली. हा उपकार मोठा आहे. तो कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु ती योजना मुख्यतः रुग्णालयाच्या दारापासून पुढें चालते. दारापर्यंत मनुष्य कोणत्या अवस्थेंत पोंचला, तो लवकर कां आला नाहीं, आणि घरीं परतल्यावर त्याचें काय झालें, याची जबाबदारी एका ठिकाणीं बांधलेली नाहीं. ऑरेगॉनच्या कायद्यापासून शिकण्यासारखें जें आहे तें येवढेंच. त्यांचा पैसा आपल्यापाशीं नाहीं, त्यांची लोकसंख्या आपल्या एका मोठ्या जिल्ह्यायेवढी. सबब त्यांचा कायदा जसाच्या तसा उचलावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु विचार उचलण्यास खर्च पडत नाहीं.

तूर्त आपल्या हातीं असलेल्या दोन गोष्टी सुचवितों. पहिली अशी कीं, गांवोगांव आरोग्य, पोषण व स्वच्छता यांची समिति आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिति कागदावर आहेच. सभा कधीं होते, सभासद कोण, हें आमच्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? सोसायटीच्या निवडणुकीस जो उत्साह असतो त्याचा दशांश तेथें दाखविला तरी पुष्कळ. तेथील जागांवर ज्यांचें घरीं दुखणें आहे अशीं माणसें बसवावीं. केवळ मानाचीं नव्हेत. दुसरी गोष्ट नोंदवहीची. आपली संस्था सभासदांच्या कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेस थकला हें पैशापर्यंत सांगते. त्याच वहीशेजारीं दुसरी एक वही ठेवून, सभासदांच्या घरांतील मधुमेह व रक्तदाबाच्या रोग्यांची शेवटची तपासणी केव्हां झाली, एवढें त्यांच्या संमतीनें लिहावें. तारीख उलटली कीं आशाताईंस कळवावें. हें करण्यास कायदा लागत नाहीं. एक कारकून लागतो, आणि तो निवृत्त असला तरी चालेल.

हा लेख लिहून झाल्यावर आम्हीं तो आमच्या त्या शेजाऱ्यांस वाचून दाखविला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतला व विचारलें, "भाऊसाहेब, मी तिकडे असतों तर माझा पाय राहिला असता काय?" होय म्हणून सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. तिकडेहि पाय कापले जातात. इतकेंच सांगितलें कीं, तिकडे पाय गेला तर तो कां गेला हें विचारण्यास एक जागा आहे, आणि उत्तर देण्यास कोणीतरी बांधलेलें आहे. त्यावर ते म्हणाले, "मग त्या वहींत पहिलें नांव माझें लिहा. दुसरा पाय अजून आहे."

तें नांव आम्हीं लिहून घेतलें आहे. पुढील मासिक सभेंत ही वही सभासदांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. ज्यांस आपल्या घरचें नांव लिहावयाचें असेल त्यांनीं तपासणीचे जुने कागद बरोबर आणावे, ही विनंति.